ठराव हातात घ्या, मग बोला

नवी पेठेत, गांजवे चौकापासून पाच मिनिटांवर आमचं घर. वरच्या दोन खोल्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली राहतात. बहुतेक मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, खानदेशातल्या. दिवसभर अभ्यासिकेत असतात, रात्री नऊनंतर जिन्यात चपला वाजतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी एखादी माझ्या दाराशी थांबते आणि मोबाइल पुढे करते. "काकू, हे बघा ना, आमच्या विद्यापीठानं काय ठरवलंय." त्यावर बातमीचा फोटो असतो, नाहीतर ग्रुपवर फिरत आलेला मजकूर. मी चष्मा लावून वाचते आणि दरवेळी तोच प्रश्न विचारते. "ठराव कुठाय?"

राज्यातल्या एका अकृषी विद्यापीठात मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची बारा वर्षं सभा विभागात. विद्यापीठाचं नाव इथे देत नाही, कारण जे सांगणार आहे ते सगळ्याच सार्वजनिक विद्यापीठांना लागू आहे. सभा विभागात व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अधिसभा (सिनेट) यांच्या बैठकांची कार्यक्रमपत्रिका तयार होते, इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद, लिहिलं जातं आणि झालेले ठराव त्या त्या विभागाला कळवले जातात. विद्यार्थ्याला जो 'निर्णय' कानावर येतो, त्याचा मूळ कागद आमच्या टेबलावर जन्माला यायचा. तो मिळवायचा कसा आणि वाचायचा कसा, ते लिहून ठेवते आहे.

आधी निर्णय कुणाचा ते ओळखा

'विद्यापीठानं ठरवलं' हे वाक्य कामाचं नाही. ठरवतं ते विद्यापीठातलं एखादं प्राधिकरण, आणि प्रत्येकाचं काम कायद्यानं वाटून दिलेलं आहे. कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९४ चा होता, आणि त्याच्याही आधी पुणे विद्यापीठापुरता १९७४ चा वेगळा. जुने प्राध्यापक बोलताना अजून 'एक्झिक्युटिव्ह कौन्सिल' म्हणून जातात, ते आजच्या व्यवस्थापन परिषदेचं आधीचं रूप. कार्यालयात सगळे तिला 'एमसी' म्हणतात. 'विषय एमसीत पास झाला' असं कुणी म्हणालं तर अर्थ हाच.

व्यवस्थापन परिषद ही विद्यापीठाचा कारभार चालवणारी आणि धोरण ठरवणारी मुख्य संस्था. जे काम कायद्यानं दुसऱ्या कुणाला नेमून दिलेलं नाही, तेही तिच्याचकडे येतं. पैसा, नेमणुका, जागा, इमारती, करार, शुल्क, अध्यादेश (म्हणजे इथे विद्यापीठाचे स्वतःचे नियम) हे सगळं तिथे. अभ्यासक्रम, पात्रता, शैक्षणिक दर्जा यांचा विचार विद्या परिषदेत होतो. परीक्षा कशी घ्यायची, पेपर कसे तपासायचे, गैरप्रकारावर काय करायचं, हे परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो. परिनियम, म्हणजे विद्यापीठाचे अध्यादेशांहून वरचे नियम, तेही अधिसभेतून जातात आणि त्यांना कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, संमती लागते.

व्यवस्थापन परिषदेत कुलगुरू अध्यक्ष असतात आणि कुलसचिव (रजिस्ट्रार) सदस्य-सचिव. प्र-कुलगुरू, अधिसभेतून निवडून आलेले प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक आणि पदवीधर, विद्या परिषदेतून आलेले सदस्य, नामनिर्देशित तज्ज्ञ असे बाकीचे. शासनाच्या बाजूनं उच्च शिक्षण संचालक किंवा त्यांचे प्रतिनिधीही सदस्य असतात. त्या संचालकांचं कार्यालय आपल्या पुण्यातच आहे, स्टेशनजवळच्या मध्यवर्ती इमारतीत. अनेक मुलींना हे माहीतच नसतं. सगळं काही मुंबईला मंत्रालयात चालतं असं त्यांना वाटत असतं.

प्राधिकरण ओळखण्यावर मी एवढा जोर देते, कारण चुकीच्या प्राधिकरणानं घेतलेला निर्णय मुळातच लंगडा असतो. परीक्षेशी किंवा प्रवेशाशी संबंधित अध्यादेश व्यवस्थापन परिषद आपल्या मनानं करू शकत नाही, त्याचा मसुदा विद्या परिषदेकडून यावा लागतो. म्हणून अशा विषयात पहिला प्रश्न विचारावा: विद्या परिषदेचा ठराव क्रमांक काय आणि तारीख काय? उत्तर आलं नाही, तर तिथेच तुमचं अर्धं काम झालं.

शिफारस आणि निर्णय यांतला फरक पुणेकरांना एका गोष्टीवरून पटकन कळतो. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव द्यावं असा ठराव विद्यापीठात झाला, पण पाटी बदलली ती २०१४ मध्ये राज्य शासनानं मान्यता दिल्यावर. विद्यापीठ जिथे स्वतः ठरवू शकत नाही तिथे ठराव करून वर पाठवतं. बातमीत मात्र दोन्हींना एकच शब्द असतो, 'मंजूर'.

एका निर्णयाचे चार कागद

निर्णय एकच असला तरी त्याचे कागद चार असतात, आणि चारही नेहमी एकच गोष्ट सांगतात असं नाही.

पहिला कागद विभागाचं टिपण. शुल्क वाढवायचं असेल तर संबंधित विभाग नस्ती, म्हणजे फाइल, उघडतो. जुना दर काय, खर्च किती, इतर विद्यापीठांत काय आहे, आधीचा ठराव कोणता, हे टिपणात लिहून तो वर पाठवतो. संदर्भाच्या कागदांना चिठ्ठ्या लावलेल्या असतात, त्यांना आम्ही पताका म्हणतो. पताका 'अ', पताका 'ब'. नस्तीला दोन भाग असतात, एक टिपणीचा आणि एक पत्रव्यवहाराचा. निर्णयाचं कारण टिपणीच्या भागात सापडतं.

दुसरा कागद कार्यक्रमपत्रिका. विषय 'विचारार्थ' आहे की 'माहितीस्तव', हे तिथे कळतं. शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असा एक मुद्दा असतो. तो नीट बघा. त्या विषयांची कागदपत्रं सदस्यांना आधी वाचायला मिळालेली नसतात. तातडीची कामं अशी यावीच लागतात, मी स्वतः कितीतरी आणली आहेत. पण शेकडो विद्यार्थ्यांवर बोजा टाकणारा विषय आयत्या वेळी आला असेल, तर त्याबद्दल विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

तिसरा कागद इतिवृत्त, आणि त्यातला ठराव. हाच खरा निर्णय.

चौथा परिपत्रक. ठराव झाल्यावर विभाग महाविद्यालयांना पत्र काढतो, तेच सूचनाफलकावर लागतं. विद्यार्थ्याच्या हाती येतो तो फक्त हा चौथा कागद, आणि चूक शिरायची जागाही हीच.

एक प्रसंग सांगते. सभेच्या दिवशी मी कुलसचिवांच्या मागच्या खुर्चीत बसत असे. मांडीवर कार्यक्रमपत्रिकेचा गठ्ठा असायचा. प्रत्येक विषयाच्या डावीकडे पेन्सिलीनं लिहायची, 'मान्य', 'दु. सह मान्य', 'पुढे'. 'दु.' म्हणजे दुरुस्ती. ती दुरुस्ती कोण सदस्य काय शब्दांत सांगतो, ते समासात उतरवायचं. संध्याकाळी त्या पेन्सिलीच्या खुणांवरून ठरावाची भाषा तयार व्हायची, मग कुलसचिव ती तपासायचे. एकदा शुल्कवाढीच्या एका विषयात दुरुस्ती झाली की वाढ 'नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना' लागू करावी. ठरावात मी ते बरोबर लिहिलं. चार दिवसांनी त्याच विषयाचं परिपत्रक तयार करायला बसले तेव्हा ठरावाऐवजी टिपण समोर ठेवलं. टिपणात होतं 'सर्व विद्यार्थ्यांना'. परिपत्रकात तेच उतरलं. त्यावर तीन सह्या झाल्या आणि एकाच्याही लक्षात आलं नाही.

महिन्याभरानं एक गृहस्थ आले. तालुक्याच्या गावाहून पहाटेची एसटी धरून आले होते, अंगावर धोतर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. एका अधिसभा सदस्याकडून त्यांनी ठरावाची झेरॉक्स मिळवली होती. तो कागद आणि परिपत्रक त्यांनी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवलं. "बाई, ह्यात 'नव्यानं' लिवलंय आन् ह्यात 'सर्व'. खरा कंचा?" मुलगा तिसऱ्या वर्षाला होता त्यांचा.

शुद्धिपत्रक आठ दिवसांत निघालं. पण तोवर पुष्कळ मुलांनी वाढीव पैसे भरून टाकले होते आणि त्यातली बरीच जणं परत मागायला आलीच नाहीत. ते पैसे माझ्या एका शब्दानं गेले. तेव्हापासून ठराव समोर ठेवल्याशिवाय मी परिपत्रक लिहिलं नाही, आणि आता कुणी परिपत्रक दाखवलं तर ठराव मागितल्याशिवाय मत देत नाही.

ठरावातले शब्द

ठरावाची भाषा मुद्दाम अवघड केलेली असते असं मुलींना वाटतं. तसं नाही. प्रत्येक ठरलेल्या शब्दाला ठरलेला अर्थ आहे, तो एकदा कळला की कागद स्वच्छ दिसतो.

'मान्यता देण्यात आली' म्हणजे निर्णय झाला. त्यापुढे तारीख किंवा शैक्षणिक वर्ष आहे का ते बघा. 'यापुढे', 'तात्काळ प्रभावाने', 'शैक्षणिक वर्ष अमुकपासून', 'पूर्वलक्षी प्रभावाने' हे शब्द पैशांशी थेट जोडलेले असतात. तुमचा अर्ज कोणत्या दिवशी आवक झाला आणि ठराव कोणत्या दिवसापासून लागू झाला, या दोन तारखा कागदावर लिहून काढल्या की निम्म्या तक्रारींचा निकाल तिथेच लागतो.

'तत्त्वतः मान्यता' म्हणजे कल्पना पटली, पण निर्णय पूर्ण झालेला नाही. त्यानंतर बहुधा 'समिती गठित करण्यात यावी व समितीचा अहवाल पुढील सभेपुढे सादर करावा' असं येतं. समितीचा अहवाल येऊन तो मान्य होईपर्यंत वसुली करता येत नाही, असं मी ठामपणे सांगते.

'शिफारस करण्यात आली' म्हणजे अंतिम शब्द दुसऱ्या कुणाचा आहे. शासनाचा, कुलपतींचा, अधिसभेचा किंवा दुसऱ्या मंडळाचा.

'नोंद घेण्यात आली' म्हणजे परिषदेला फक्त कळवलं. परिषदेनं संमती दिली असा त्याचा अर्थ लावू नका. असा अर्थ लावून काढलेली पत्रं मी पाहिली आहेत.

'कार्योत्तर मान्यता' म्हणजे काम आधी झालं आणि मान्यता नंतर मिळाली. याच्याबरोबर बहुधा 'कलम १२(७) अन्वये' असे शब्द येतात. तातडीची परिस्थिती असेल किंवा विद्यापीठाच्या हितासाठी गरज असेल, तर कुलगुरूंना स्वतः कृती करण्याचा अधिकार विद्यापीठ कायद्याच्या या कलमानं दिला आहे. मात्र त्यांनी ती कृती आणि तिची कारणं लवकरात लवकर लेखी स्वरूपात त्या प्राधिकरणापुढे ठेवायची असतात. म्हणून १२(७) चा आदेश कुणी दाखवला की विचारा: हा परिषदेपुढे कोणत्या सभेत ठेवला आणि कारण काय लिहिलं? हे कलम हवंच. पूर आला, संप झाला, पेपर फुटला तर सभा बोलवायला वेळ कुठून आणायचा? पण वर्ष-सहा महिने आधी दिसत असलेल्या गोष्टीला तातडी म्हणता येत नाही, आणि ते टिपणाच्या तारखांवरून सिद्ध करता येतं.

'मा. कुलगुरूंना प्राधिकृत करण्यात आले' म्हणजे परिषदेनं पुढचा तपशील ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे दिला. मग खरा निर्णय ठरावात नसतो. त्यानंतर कुलगुरूंनी नस्तीवर केलेल्या आदेशात असतो. माहिती मागताना तो आदेशही मागा, नाहीतर हाती अर्धाच कागद येईल.

आणि शेवटचं, 'इतिवृत्त कायम होण्याच्या अधीन राहून'. प्रत्येक सभेचा पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं, म्हणजे ते बरोबर असल्याची मान्यता देणं, हा असतो. सदस्य तिथे दुरुस्त्या सुचवतात. घाईचं काम असेल तर कायम होण्याआधीच ठराव अमलात आणतात आणि हे शब्द घालतात. अशा वेळी पुढच्या सभेचं इतिवृत्तही मागवावं. ठरावात बदल झाला असेल तर तो तिथे दिसतो.

ठराव मिळवायचा कसा

आधी संकेतस्थळ पाहा. व्यवस्थापन परिषदेचं पान असतं, काही विद्यापीठं तिथे इतिवृत्तं टाकतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) प्रमाणे मंडळं, परिषदा, समित्या कोणत्या आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना पाहता येतात का, हे सार्वजनिक प्राधिकरणानं स्वतःहून जाहीर करायचं असतं. सापडलं तर उत्तम. नाही सापडलं, तर कुलसचिव कार्यालयाला साधं पत्र देऊन प्रत मागा. कित्येकदा तेवढ्यानंच काम होतं. सभा विभागातली माणसं वाटतात तितकी अडवणूक करणारी नसतात. ठराव क्रमांक आणि सभेची तारीख सांगणारा माणूस समोर आला तर त्यांनाही बरं वाटतं.

तेही झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा. शुल्क ₹१०, त्यासाठी कोर्ट फी स्टॅम्प चालतो. पुण्यात तो शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात मिळतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. प्रतीसाठी पानाला ₹२.

अर्जात 'का' असं विचारू नका. 'शुल्क का वाढवलं' याचं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. त्यानं उपलब्ध असलेला कागद द्यायचा असतो, म्हणून कागद मागा. मी मुलींना असा मजकूर सांगते:

"आपल्या विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेच्या दिनांक अमुक रोजीच्या सभेतील पदवी प्रमाणपत्राच्या विलंब शुल्काबाबतच्या विषयासंबंधी पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. (१) कार्यक्रमपत्रिकेतील सदर विषय व त्यासोबत सादर केलेले टिपण. (२) सदर विषयावरील ठराव व तो समाविष्ट असलेल्या इतिवृत्ताची संबंधित पाने. (३) सदर इतिवृत्त कायम केल्याबाबतची पुढील सभेची नोंद. (४) ठरावाच्या अनुषंगाने काढलेले आदेश व परिपत्रके. (५) संबंधित नस्ती, टिपणी भाग व पत्रव्यवहार भागासह."

सभेची तारीख माहीत नसेल तर 'अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत झालेल्या सभांमधील' असं लिहा. एवढं पुरतं. निर्णयाचा फटका तुम्हालाच बसला असेल, तर आणखी एक ओळ लिहायला विसरू नका. कलम ४(१)(घ) नुसार बाधित व्यक्तीला प्रशासकीय निर्णयाची कारणं देणं हे प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. त्या कलमाचा उल्लेख करून, आपण बाधित कसे आहोत ते एका वाक्यात लिहून, कारणं नोंदवलेला कागद मागा. हे कलम फार कमी जण वापरतात.

'हे गोपनीय आहे' असं तोंडी सांगितलं तर मागे फिरू नका. नकार द्यायचा तर अधिनियमातल्या कोणत्या कलमाखाली देत आहोत, ते कारणासह लेखी द्यावं लागतं. एखाद्या पानावर दुसऱ्या कुणाची खासगी माहिती असेल तर तेवढा भाग झाकून उरलेला देता येतो, कलम १० त्यासाठीच आहे.

उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर नाही आलं किंवा अपुरं आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच विद्यापीठातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे, ₹२० च्या कोर्ट फी स्टॅम्पसह. तिथेही समाधान झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाचं एक खंडपीठ पुण्यात आहे, पण विद्यापीठ ज्या विभागात असेल त्या विभागाच्या खंडपीठाकडे जावं लागतं. पुण्यात राहता म्हणून पुण्याचं खंडपीठ, असं होत नाही.

दोन वर्षांपूर्वी वरच्या खोलीतल्या एका मुलीचं प्रकरण असंच गेलं. पुण्याबाहेरच्या एका विद्यापीठाची पदवीधर. पूर्व परीक्षा पास झाली होती, पुढे मूळ पदवी प्रमाणपत्र दाखवावं लागेल म्हणून तिनं घाईनं अर्ज केला. ₹१,५०० विलंब शुल्क मागितलं गेलं. विचारलं तर उत्तर मिळालं, 'एमसीचा निर्णय आहे.' तिनं भरले. महिनाभराचा मेसचा खर्च होता तो. नंतर आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वरचा अर्ज लिहिला आणि लक्ष्मी रोडच्या सिटी पोस्टातून स्पीड पोस्टनं पाठवला.

तीस दिवस गेले, काही आलं नाही. पहिलं अपील केलं. मग पत्र आलं की अकरा पानं तयार आहेत, ₹२२ भरा. मी तिला कलम ७(६) दाखवलं. मुदतीत माहिती दिली नाही तर ती फुकट द्यावी लागते. बावीस रुपयांसाठी कशाला, असं ती म्हणाली. मी म्हटलं, बावीस रुपयांसाठी नाही, मुदत चुकली हे त्यांच्या नोंदीवर यावं म्हणून लिहायचं. तिनं दोन ओळींचं पत्र लिहिलं. पानं आली. सातव्या पानावर ठराव होता: "विलंब शुल्क आकारणीच्या प्रस्तावास तत्त्वतः मान्यता देण्यात येत असून दर निश्चितीसाठी समिती गठित करण्यात यावी." समितीचा अहवाल अकरा पानांत कुठेच नव्हता. म्हणजे ज्या दिवशी तिनं पैसे भरले, त्या दिवशी दर ठरलेलाच नव्हता.

तिनं कुलसचिवांना एका पानाचं निवेदन पाठवलं. त्यात राग नव्हता, आरोप नव्हता. ठराव क्रमांक, तारीख, पावती क्रमांक आणि 'सदर रक्कम परत मिळावी' एवढंच. सोबत सातव्या पानाची प्रत. चार महिन्यांनी पैसे खात्यात आले. तिच्याबरोबर अर्ज केलेल्या इतर मुलांना मिळाले की नाही, ते मला माहीत नाही. तिनं त्यांच्या ग्रुपवर सातवं पान टाकलं होतं.

हातात आल्यावर

परिपत्रक ठरावापेक्षा जास्त काही मागत असेल तर कुलसचिवांना निवेदन हा सर्वांत जवळचा रस्ता. तुम्ही अजून विद्यार्थी असाल तर आणखी एक वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार संस्थेत तक्रार निवारण समिती असायला हवी. तिनं पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लोकपालांकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालांकडे, अपील करता येतं. विद्यापीठाचे लोकपाल कोण, ते संकेतस्थळावर पाहा.

ठरावच चुकीचा वाटत असेल तर वाट लांबची. विद्यापीठ कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, अधिनियम, परिनियम, अध्यादेश यांच्याशी न जुळणारा ठराव स्थगित करण्याचा किंवा त्यात फेरबदल करण्याचा अधिकार कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना, आहे. त्यांना लिहिताना 'अन्याय झाला' एवढंच लिहू नका. कोणत्या कलमाशी किंवा अध्यादेशाशी ठराव विसंगत आहे, ते लिहा. राज्यपालांचं एक निवासस्थान इथे गणेशखिंडीत, विद्यापीठाला लागूनच आहे, म्हणून पुण्यातले लोक अर्ज तिथे नेऊन देतात. अर्ज मुंबईच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. त्यापुढे उच्च न्यायालय. पुण्याचं काम मुंबईलाच चालतं, आणि तिथे वकिलाशिवाय जाऊ नका.

मधला एक रस्ता फार थोडे जण वापरतात. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. ते प्रश्न विचारू शकतात, ठराव मांडू शकतात. त्यांना आपला कागद द्या, पण अधिसभेची तारीख जाहीर होण्याआधी, कारण प्रश्न देण्यालाही मुदत असते. आणि तुम्ही पदवीधर असाल तर मतदार म्हणून नाव नोंदवा. ते आपोआप होत नाही, अर्ज भरावा लागतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मागची पदवीधर निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली, आणि मुदत पाच वर्षांची असते. नोंदणी सुरू झाल्याची जाहिरात आली की त्याच आठवड्यात फॉर्म भरा. आमच्या इमारतीतल्या चौदा पदवीधरांपैकी मागच्या वेळी तिघांचीच नावं यादीत होती.

राहता राहिली एक गोष्ट. प्रत्यक्ष जाऊन कोणतंही पत्र दिलं तर दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'ठेवून जा, साहेब आल्यावर मारतो' म्हणाले तर बाकावर बसा. स्पीड पोस्टानं पाठवलं तर पावती पत्राच्या प्रतीला टाचा आणि पोचल्याची नोंद पोस्टाच्या संकेतस्थळावरून छापून घ्या, कारण तिथे ती काही काळच दिसते. वरच्या खोलीतल्या मुलीची फाइल अजून माझ्या कपाटात आहे. तिची नेमणूक झाली, ती गेली. जाताना म्हणाली, "काकू, सातवं पान वर ठेवा, पुढच्या कुणाला लागलं तर."